दुभाषीण

हरमलच्या शाळेला सभागृह नाही,
म्हणून सातवी आणि आठवीमधली फळ्यांची भिंत काढली.
बाकांवर चाळीसेक माणसं, पंचायतीचा पंखा,
पुढे तीन खुर्च्या: तिची, त्याची, मधली माझी.
मी इतिहास शिकवते.
इंग्रजी येतं, एवढाच माझा गुन्हा.

आधी ओफ्रा बोलली.
तिचा इताय लष्करातून सुटून इथे आला होता.
सात महिने शेवंतीकडच्या खोलीत राहिला,
बांगडे साफ करायला शिकला,
मग पुन्हा बोलावणं आलं, आणि तो गेला.
‘गेला’ म्हणून मी थांबले.
विमानानं जाणं आणि ते दुसरं,
आपल्याकडे एकाच क्रियापदात बसतं.
पुढचं वाक्य मला करावंच लागलं नाही.

मग नाएल, हेब्रॉनच्या बाजूचा, फरशी बसवणारा.
त्याची रीमास, दहा वर्षांची,
शाळेतून येताना, दप्तरासकट.
त्याचा ‘मी’ मी तोंडात घेतला:
‘मी तिला उचललं. मी धावलो.’
धावलो.
मागच्या बाकावरची पोरं खुदकन हसली,
बाईंच्या तोंडी बाप्याचं क्रियापद!
पुढच्या वाक्यात ‘धावले’ म्हणून पाहिलं,
तर रीमास माझी झाली
आणि मला पाणी प्यावं लागलं.

नऊ वर्षं दोघं असे गावोगाव शेजारी बसतात.
घरी दोघांनाही शिव्या.
तिचा सख्खा भाऊ सणाला बोलावत नाही,
त्याच्या गल्लीत काही जण सलाम परत करत नाहीत.
मिठी मारली नाही त्यांनी.
फोटोवाला बराच वेळ वाट पाहत होता.

पोस्टातले विनायकराव उठले: ‘क्षमा केलीत?’
ओफ्रा म्हणाली, ‘नाही.
मागायला कोणी आलंच नाही.
मी फक्त याच्या शेजारी बसते. तेवढं जमतं.’

शेवटच्या वाक्यात तिनं तो इंग्रजी शब्द वापरला,
‘वुई’.
आणि माझ्यापुढे दोन दारं:
‘आम्ही’ म्हटलं तर समोरची माणसं उंबऱ्याबाहेर,
‘आपण’ म्हटलं तर सगळी आत.
मी हळूच विचारलं, कुठला?
तिला प्रश्नच कळेना. हिब्रूत एकच शब्द,
अरबीतही एकच, नाएल म्हणाला.
मग थोडं थांबून त्यानं विचारलं,
‘पहिल्यात बाहेर कोण राहतं?’

तिसऱ्या बाकावर चंपावती बसली होती.
तिच्या लेकाच्या रेतीच्या टिपरखाली माझा भाऊ.
सहा वर्षं मी देवळाला मागच्या वाटेनं जाते.
मी ‘आम्ही’ म्हटलं.
भाषांतर म्हणून चूक नाही.

नंतर आग्नेलच्या गाड्यावर चहा.
पाटीवरची हिब्रू अक्षरं नाएलनं वाचली,
तुरुंगात शिकलो म्हणाला,
यात ‘ऑम्लेट’ चुकलंय.
ओफ्रा इतकी हसली की चहा सांडला.
आग्नेलनं जुनी वही काढली.
इताय, तीनशे चाळीस रुपये.
समोर, तांबड्या शाईत: येणें बाकी.
ती पर्समध्ये हात घालू लागली,
त्यानं वही मिटून छातीशी धरली.
‘रावूं दी बाये. पुसूं नाका.’
हे तिला काय सांगू?
रक्कम सांगितली. बाकीचं सांगायला
मला दोन्ही भाषा कमी पडल्या.
नाएलनं तिचा कप विसळून ठेवला.

अंधार पडता पडता घरी निघाले.
कशी कोण जाणे, पुढच्या वाटेनं.
चंपावतीच्या पडवीत दिवा होता,
ती सुकी मिरची निवडत होती, एकटी.
कुत्रं भुंकलं. तिनं मान वर केली.
‘आपण,’ मी म्हणून पाहिलं,
कुंपणापर्यंतही पोचणार नाही, इतक्या हळू.